डेडलिफ्ट करताना टेंडन तुटला, शस्त्रक्रिया झाली. गेलेला दंड परत येतो का?

पहाटवारा

नमस्कार मंडळी. वय चव्वेचाळीस, राहणार नाशिक, बरीच वर्षं नियमित जिम. डेडलिफ्टमध्ये (जमिनीवरचा वजनाचा बार उचलून उभं राहायचं) मिक्स ग्रिप होती, म्हणजे डावा तळवा अंगाकडे आणि उजवा बाहेर. बार जमिनीवरून सुटताना उजव्या कोपराच्या पुढे टप् आवाज आला आणि बेटकुळी वर खांद्याकडे सरकली. एमआरआयमध्ये दिसलं की बायसेप्सचा (दंडाच्या पुढच्या स्नायूचा) खालचा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा दोर, हाडापासून पूर्ण सुटलाय. काही दिवसांतच शस्त्रक्रिया झाली.

त्याला आता दोन महिने होत आलेत. हात पूर्ण सरळ होतो, दुखत नाही. पण दंड वाळून गेलाय. शर्टाची बाही एका हाताला सैल आणि दुसऱ्याला घट्ट. कुलपात किल्ली फिरवतानासुद्धा जोर लागत नाही. कोपराच्या खाली अंगठ्याच्या बाजूने एक पट्टा बधिर आहे.

डॉक्टर म्हणतात सगळं वेळेवर चाललंय. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. तरी ज्यांनी हे भोगलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. इतक्या वर्षांनी कमावलेलं इतक्या पटकन कसं गेलं? ते परत येतं का? आणि दुसरा हात चालवावा की फरक आणखी वाढेल म्हणून थांबवावा?

डोंबिवलीकर

वाचून पोटात गोळा आला. लवकर बरे व्हा. वाचतोय.

हालचाल

पहाटवारा, मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात काम करते. तुमची तपासणी मी केलेली नाही, त्यामुळे तुमच्या सर्जननी आखून दिलेली चौकट तीच खरी. त्या चौकटीत राहून सांगते.

किल्लीपासून सुरुवात करते. बायसेप्सचं काम फक्त कोपर वाकवणं, असं जिममध्येही समजतात. तळहात वर वळवायला लागणारा जोर मुख्यतः तोच देतो. किल्ली, स्क्रू, बाटलीचं झाकण, धुणं पिळणं, सगळं त्यात आलं. हा टेंडन तुटल्यावर तसाच सोडला तर वाकवण्याची ताकद साधारण ३० टक्के आणि वळवण्याची साधारण ४० टक्के जाते, असे आकडे बऱ्याच वर्षांपासून आहेत. म्हणून काम हाताचं असेल तर शस्त्रक्रिया सुचवतात आणि ती लवकर केलेली बरी, कारण टेंडन वर सरकून आखडत जातो. तुमचं लवकर झालंय, ही मोठी जमेची बाजू.

बधिर पट्टा: तिथून त्वचेची एक नस जाते आणि या शस्त्रक्रियेत ती ओढली जाणं हा सगळ्यात जास्त दिसणारा त्रास आहे. बहुतेकांचा काही महिन्यांत ओसरतो. पट्टा वाढला किंवा बोटं उचलता येईनात, तर मात्र त्याच दिवशी सर्जनना दाखवा.

आता मूळ प्रश्न. इतक्या पटकन गेलं, कारण पहिल्या दिवसांत जाते ती ताकद बरीचशी स्नायूच्या मांसाची नसतेच. नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्तच्या संशोधकांनी निरोगी तरुणांचे पाय प्लास्टरमध्ये ठेवून मोजलं होतं. ५ दिवसांत मांडीच्या स्नायूचा छेद सुमारे साडेतीन टक्के घटला, ताकद मात्र ९ टक्के. १४ दिवसांत स्नायू साधारण ८ टक्के, ताकद २३ टक्के. हा वरचा फरक बराचसा मज्जासंस्थेचा आहे. स्नायू आहे, पण मेंदू त्याला पूर्ण हाक मारत नाही. गुडघा सुजलेल्या माणसाला मांडी आवळता येत नाही ती याच कारणाने, सांध्यातलं पाणी स्नायूचा हुकूमच अडवतं. म्हणून आम्ही सुरुवातीला "जोर लावू नका, पण स्नायू जागा करा" म्हणतो तेव्हा पेशंटना ते कमी वाटतं, पण तिथेच निम्मं काम होतं.

दुसरा हात जरूर चालवा. एका बाजूला व्यायाम दिला की दुसरीचीही ताकद वाढते, हे येल विद्यापीठात १८९४ मध्येच नोंदवलंय. वाढ थोडी असते, सरासरी १० टक्क्यांच्या आसपास, पण बांधून ठेवलेल्या हाताची पडझड त्याने कमी होते. डावा हात थांबवून उजव्याला काहीच मिळत नाही.

तालमीतला

ताईंनी नेमकं सांगितलं. मी कोल्हापूरकडचा, लहानपण तालमीत गेलं. आमच्याकडं पैलवानाचा खांदा निखळला की वस्ताद त्याला घरी बसू द्यायचे नाहीत. हात गळ्यात बांधलेला असला तरी पहाटे यायचं, बैठका मारायच्या, एका हातानं होईल तेवढं करायचं. आम्हाला वाटायचं शिस्तीसाठी. आता ताईंचं वाचून कळलं त्यात शरीराचाही हिशेब होता.

एक मात्र कळकळीनं सांगतो. ताज्या दुखापतीवर रगडून मालिश करून घेऊ नका. "शिर बसवून देतो" म्हणणारे गावोगाव आहेत. तुटलेला टेंडन चोळून जागेवर येत नाही आणि त्या नादात शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. आमचा एक चांगला गडी असाच कायमचा अधू झाला.

रानजाई

माझी केस वेगळी आहे पण धाग्याशी संबंध आहे. स्क्वॉट करताना पाठीत उसण भरली असं वाटलं, निघालं स्लिप डिस्क, एल५-एस१, म्हणजे कमरेची सगळ्यात खालची डिस्क. पाठ काही आठवड्यांत बरी झाली. पण डावी पोटरी बारीक होत गेली. त्या पायाच्या चवड्यावर उभंच राहता येईना. पोटरीच्या व्यायामाचे शेकडो रेप (आवर्तनं) केले, काही फरक नाही.

पुढे न्यूरोच्या डॉक्टरांनी समजावलं की ही पोटरी वापर नसल्यामुळे गेलेली नाही, तिला जाणारी नस दबल्यामुळे गेलीय. नस सावरते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने. कमरेपासून पोटरीपर्यंतचं अंतर बघितलं की महिने का लागतात ते कळतं. माझी पोटरी आता बरीच परत आलीय, पूर्ण नाही.

हालचाल

रानजाई, हे लिहिलंत ते फार बरं झालं. वापर थांबल्याने वाळलेला स्नायू आणि नस दबल्याने वाळलेला स्नायू बाहेरून सारखे दिसतात, उपचार वेगळे. एल५-एस१ला सहसा चवड्यावर उठणं जातं. त्याच्या वरची एल४-एल५ची डिस्क असेल तर पायाचा अंगठा किंवा पाऊलच वर उचलता येत नाही, चप्पल निसटते.

सगळ्यांसाठी ठळक सांगते: पाठदुखीबरोबर लघवी अडली किंवा आपोआप झाली, संडासवरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली, तर सकाळची वाट न बघता रात्रीच हॉस्पिटल गाठा. तिथे तासांना किंमत असते.

अक्षरधूळ

मला यातला इतिहास फार आवडतो, म्हणून थोडं त्यावर.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराची हॉस्पिटलं मांडी-गुडघ्याच्या जखमींनी भरून गेली होती. हाड जुळायचं, पण मांडी वाळलेली, त्यामुळे सैनिक महिनोन् महिने खाटेवर. त्या काळचा उपचार म्हणजे हलकं वजन आणि असंख्य वेळा हालचाल. शिकागोच्या गार्डिनर हॉस्पिटलमध्ये थॉमस डेलॉर्म नावाचे तरुण लष्करी डॉक्टर होते. त्यांना स्वतःला तरुणपणी संधिवाताचा ताप येऊन गेला होता आणि वजनं उचलून ते त्यातून उभे राहिले होते. त्यांनी उलटं केलं: वजन जड, रेप कमी आणि दर आठवड्याला वजनात वाढ. १९४५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. १९४८ मध्ये वॉटकिन्स यांच्यासोबत पद्धत सुटसुटीत केली. जेवढं वजन जेमतेम १० वेळा उचलता येतं त्याच्या निम्म्याने १० रेप, मग पाऊण वजनाने १०, मग पूर्ण वजनाने १०. आज प्रत्येक जिममध्ये ट्रेनर "तीन सेट, दहा रेप" म्हणतो, त्यामागे ते जखमी सैनिक आहेत. वजन उचलणं हा आजारी स्नायूवरचा उपचार म्हणूनच आधुनिक वैद्यकात शिरला. पहाटवारा, तुम्ही लोखंडाकडे परत जाल तेव्हा उपचाराकडेच जात असाल.

आणि "परत येतं का" याचं उत्तर: येतं, आणि पहिल्यापेक्षा लवकर येतं. ओस्लोच्या संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांवर दाखवलं की स्नायू वाढताना त्याच्या तंतूंत जी जास्तीची केंद्रकं भरती होतात, ती स्नायू आकसला तरी टिकून राहतात. माणसात हे किती लागू होतं यावर अजून वाद आहे. २०१८ मध्ये इंग्लंडच्या कील विद्यापीठातून दुसरा धागा मिळाला, तो डीएनएवरच्या रासायनिक खुणांचा. जुन्या व्यायामाच्या काही खुणा विश्रांतीनंतरही राहतात. कारण कुठलंही असो, परिणाम मोजलेला आहे. फिनलंडमधल्या युवास्क्युला विद्यापीठाचा २०२४ मधला अभ्यास बघा. एका गटाने सलग २० आठवडे व्यायाम केला. दुसऱ्याने १० आठवडे करून १० आठवडे पूर्ण बंद ठेवला आणि मग पुन्हा १० केला. बंद काळात गेलेलं पुढच्या ५ आठवड्यांतच भरून निघालं आणि शेवटी दोन्ही गट जवळपास सारखे. बंद काळात आकार जास्त घटला, ताकद त्या मानाने टिकली.

डोंबिवलीकर

अक्षरधूळ, सुंदर प्रतिसाद. पण फिनलंडचे लोक धडधाकट होते ना? टेंडन तुटलेला नव्हता.

हालचाल

डोंबिवलीकर, बरोबर हेरलंत, आणि माझी खरी काळजी तिथेच आहे.

स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, तो झपाट्याने परत येतो. टेंडनला रक्त कमी, तो सावकाश बळकट होतो, त्याचं काम कित्येक महिने आतून चालू राहतं. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अशी वेळ येते की दंड भरलेला दिसतो, दुखत नाही, मन म्हणतं उचल. आणि हाडाशी नुकताच जुळलेला टेंडन त्या दंडाच्या जोराच्या लायकीचा झालेला नसतो. स्लॅब वरून कोरडा दिसला म्हणून कोणी खालचे टेकू काढत नाही, तसंच हे. मी पाहिलेल्या पुन्हा तुटलेल्या केसेस बहुतेक अशाच काळातल्या.

सर्वसाधारण क्रम सांगते, सर्जनप्रमाणे तो बदलतो. पहिले साधारण सहा आठवडे हात सरळ होणं आणि वळणं परत मिळवायचं, चहाच्या कपापेक्षा जड काही नाही. मग अगदी हलका जोर, तोही जास्त करून हालचाल न करता. बारा आठवड्यांच्या आसपास डंबेल. जिमचं पूर्ण वजन चार ते सहा महिन्यांपुढे. पहाटवारा, तुम्ही दुसऱ्या टप्प्यात आहात, वजन हे तुमचं मोजमाप नाही अजून. कोपर पूर्ण सरळ होतंय का, तळवा डाव्याइतका वर वळतोय का, हे मोजा.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिक्सनी टेंडनला इजा होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला. आपल्याकडे लघवीच्या किंवा पोटाच्या संसर्गाला ही औषधं सर्रास दिली जातात. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी टेंडनची शस्त्रक्रिया झालीय हे आधी सांगा. त्यांच्याकडे दुसरे पर्याय असतात.

पहाटवारा

ताई, मनापासून आभार. अँटिबायोटिकचं मला कोणीच सांगितलं नव्हतं.

जिममधल्या एकाने जपानी पट्ट्यांबद्दल सांगितलं. दंडाला वर पट्टा आवळून अगदी हलक्या वजनाने व्यायाम केला तरी स्नायू वाढतो म्हणे. आणखी एकाने "लवकर भरायचं तर एक कोर्स मार", म्हणजे स्टेरॉइडचा, असंही सुचवलं. शिवाय मी शाकाहारी आहे, प्रोटीनचं कसं करावं?

अक्षरधूळ

पट्ट्यांचं तंत्र खरं आहे, काआत्सु. योशिआकी सातो यांना त्याची कल्पना १९६६ मध्ये सुचली. एका बौद्ध विधीत बराच वेळ वज्रासनासारखं बसून पोटऱ्या भरून आल्या आणि त्यांना ते कसून व्यायाम केल्यासारखं वाटलं. १९७३ मध्ये स्कीइंग करताना घोटा मोडला, तेव्हा त्यांनी प्लास्टरमधल्या पायावर हेच वापरलं आणि पाय वाळू दिला नाही.

हालचाल

आजच्या पद्धतीत जास्तीत जास्त उचलता येईल त्याच्या २० ते ३० टक्के वजन आणि ३०, १५, १५, १५ असे रेप. टेंडनवर जास्त भार न टाकता स्नायूला काम देता येतं, म्हणून अशा काळात उपयोगी. पण दाब मोजणारा पट्टाच हवा आणि फिजिओ समोर हवा. रक्तदाब जास्त असेल, कधी रक्ताची गाठ झाली असेल, तर नाही. घरच्या इलॅस्टिकने करू नका.

"कोर्स"बद्दल: नको. मी वर लिहिलं तोच धोका त्याने आणखी वाढतो, स्नायू फुगतो आणि टेंडन मागेच राहतो. वर शरीराचं स्वतःचं हार्मोन बंद पडतं ते वेगळंच. हल्ली बीपीसी-१५७ नावाचं इंजेक्शनही टेंडनसाठी म्हणून खपवतात. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत ते २०२२ पासून आहे आणि माणसांवरचा पुरावा अगदी तुटपुंजा आहे.

रानजाई

जेवणाचं मी सांगते, मीही शाकाहारी.

दुखापतीत लोक "आता व्यायाम नाही, वजन वाढेल" म्हणून जेवण कमी करतात. नेमकं तेव्हाच ते करू नका, जखम भरायलाही ऊर्जा लागते. आपल्याकडची किमान शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीनची आहे, पण वजनं उचलून स्नायू वाढवायचा तर १.६ ग्रॅमच्या आसपास. ७५ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम.

असं जमतं: सोयाबीन वड्या ५० ग्रॅम, त्यात २६. पनीर १०० ग्रॅम, १८. अर्धा लिटर दूध किंवा त्याचं दही, १६. दिवसाची कच्ची डाळ किंवा मटकी-मूग ६० ग्रॅम, १४. सहा पोळ्या, २०. एक स्कूप व्हे (दुधापासूनची प्रोटीन पावडर), २४. झाले की ११८. फक्त वरणावर विसंबलात तर नाही होणार, आपलं वरण पातळ असतं. आणि एकदम रात्री नको, सकाळच्या पोह्यांसोबतही काहीतरी हवं. उसळ, दही, चालत असेल तर अंडी.

क्रिएटिन या पूरक पावडरबद्दल डॉक्टरांना विचारा. पाय दोन आठवडे प्लास्टरमध्ये ठेवून केलेल्या एका जुन्या अभ्यासात, व्यायाम सुरू केल्यावर क्रिएटिन घेणाऱ्यांची मांडी लवकर भरून आली होती.

तालमीतला

खेळाडूंचं बघा म्हणजे धीर येतो. वेटलिफ्टर मीराबाई चानू २०१७ ला जगज्जेती, १९४ किलो. २०१८ मध्ये पाठीनं असा घात केला की जकार्ताचे आशियाई खेळ सोडावे लागले. लोकांनी तिला संपवलीच होती. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत तिनं २०१ किलो उचलले, म्हणजे २०१७ च्या त्या सोन्यापेक्षा ७ किलो जास्त. मग खांदा-पाठीचा असमतोल काढायला अमेरिकेत सेंट लुईसला अ‍ॅरन हॉर्शिगकडं गेली, तो स्वतः वेटलिफ्टिंग केलेला फिजिओ. एप्रिल २०२१ ला ताश्कंदमध्ये ११९ किलोचा क्लीन अँड जर्क (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर), विश्वविक्रम. आणि जुलैत टोकियोचं रौप्य.

आमच्या सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरचं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं मी टीव्हीवर बघितलं. २०२२, ५५ किलो गट. १३९ किलो उचलताना उजवा कोपर गेला. तरी तिसऱ्या प्रयत्नाला तो परत मंचावर आला. २४८ किलोवर थांबला, सोनं २४९ ला गेलं. त्या पोराचा चेहरा आठवला की अजून गलबलून येतं.

हालचाल

मीराबाईच्या गोष्टीतलं एक मला महत्त्वाचं वाटतं. तिने नुसतं गेलेलं परत कमावलं नाही, दुखण्याचं मूळ शोधलं. पेशंट माझ्याकडे "पूर्वीसारखं करून द्या" म्हणत येतात. पूर्वीसारखंमध्ये ती दुखापत घडवणारी गोष्टही असते, ती वगळून पुढे जायचंय.

पहाटवारा

धागा वर काढतोय, कारण कळवायचं होतं. शस्त्रक्रियेला आता सहा महिन्यांवर काळ लोटला. सर्जननी वजनाची परवानगी दिलीय. दंडाचा घेर जवळपास डाव्याइतका आलाय. किल्ली, स्क्रू, सगळं जमतं. बधिर पट्टा आकसून अंगठ्याजवळ थोडा उरलाय. मधल्या काळात दंड भरलेला दिसत असताना हात आवरणं सगळ्यात जड गेलं. हालचाल ताईंचा प्रतिसाद मी छापून जिमच्या कपाटाला आतून चिकटवला होता.

आता डेडलिफ्ट पुन्हा सुरू करायचीय. ग्रिप कुठली ठेवावी?

हालचाल

खूप आनंद झाला वाचून.

दोन्ही तळवे अंगाकडे. डेडलिफ्टमध्ये हा टेंडन जातो तो सहसा बाहेर वळलेल्या हाताचा. त्या स्थितीत बायसेप्स ताणलेला असतो, त्यात कोपर किंचित वाकवून बार ओढला गेला की सगळा झटका टेंडनवर येतो. मुठीतून बार सुटत असेल तर मनगटाचे स्ट्रॅप वापरा, किंवा वेटलिफ्टर धरतात तशी अंगठा बोटांखाली दाबून हुक ग्रिप शिका. पहिले काही दिवस अंगठा दुखतो, मग सवय होते. कोपर सरळ, बारला झटका नाही, आधी बारमधली ढील काढायची आणि मगच पायांनी जमीन ढकलायची. सुरुवात रिकाम्या बारने, रॅकवर गुडघ्याच्या उंचीवरून.

तालमीतला

आणि पहिले दोन-तीन महिने एकटं करू नका, कोणीतरी कोपराकडं बघणारं शेजारी उभं असू द्या. आपल्याला आपला वाकलेला कोपर कळत नाही.

डोंबिवलीकर

पहाटवारा, अभिनंदन! हालचाल ताई, माझ्या भावाचा खांदा बेंच प्रेसमध्ये दुखावलाय. एमआरआय झालाय, रोटेटर कफ (खांद्याच्या सांध्याभोवतीचे टेंडन) अर्धवट फाटलाय म्हणतात. इथेच विचारू की वेगळा धागा काढू?

हालचाल

वेगळा काढा, खांद्याचं बरंच लिहावं लागेल. त्यात भावाचं वय, हात डोक्यावर किती जातो, रात्री त्या कुशीवर झोपता येतं का आणि एमआरआयच्या रिपोर्टमध्ये कोणत्या टेंडनचं नाव आहे, एवढं लिहा. तोपर्यंत बेंच प्रेस बंद, पण हात गळ्यात बांधून ठेवू नका. दुखणार नाही इतकी हालचाल दिवसातून चार-पाच वेळा करू द्या.